स्कर्टच्या आत पँट असतेच की!

मागच्या अंकात मी या प्रश्नोत्तरांच्या सदरात सहज दोन ओळी लिहिल्या होत्या. जूनच्या गर्दीत नाशिकच्या मेनरोडला युनिफॉर्मच्या दुकानात उभी होते, शेजारी एक पाचवी-सहावीतली पोरगी आईच्या मागे लागली होती, "मम्मी मला पण दादासारखी पँट घे ना", आणि दुकानदार हसून म्हणाला, शाळेच्या यादीत नाही बेटा. बस, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळी बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. कुंडीतल्या टोमॅटोवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, सॉरी.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे, सायकलने शाळेत जाते. सातवीपर्यंत स्कर्ट, आठवीपासून पंजाबी ड्रेस असा शाळेचा नियम. तिला पँट हवीय. मी मोठ्या मॅडमना भेटले तर म्हणाल्या, एकीला सूट दिली तर उद्या सगळ्याच मागतील. आता काय करू? (एक आई, इंदिरानगर)

"सगळ्याच मागतील" हे फार भारी आहे हो. म्हणजे मॅडमना माहितीये की सगळ्यांनाच हवीय!

तुम्ही एक करा, आज संध्याकाळी गॅलरीत दोरीवर काय वाळतंय ते बघा. युनिफॉर्मचा स्कर्ट असेल, आणि त्याच्या शेजारी क्लिप लावलेली एक काळी सायकलिंग शॉर्ट असेल. असेलच. सायकलवर टांग टाकायची, जिना चढायचा, खो-खोला खाली बसायचं, म्हणून प्रत्येक आई ती घेऊन देते. थंडीत तिच्या जागी लेगिंग येते, कारण निफाडला पारा पाच-सहावर असतो तेव्हा आपल्याकडेही सकाळी सातच्या शाळेला पोटऱ्या गारठून जातात. म्हणजे तुमची मुलगी वर्षभर पँट घालूनच शाळेत जातेय, वरून स्कर्टचं झाकण आहे इतकंच. शाळेला फक्त ती पँट दिसायला नकोय. हेच मोठ्या मॅडमना शांतपणे विचारा, की आत चालते तर बाहेर का नाही. शाळेत एनसीसी असेल तर अजून सोपं, त्याच मुली परेडला खाकी पँटमध्ये उभ्या असतात आणि तेव्हा सगळ्यांना अभिमान वाटतो.

आठवीनंतर पंजाबी ड्रेस येणार म्हणून सुटाल असंही समजू नका. मी स्वतः शाळेत असताना अशोकस्तंभाच्या उतारावर ओढणी चेनमध्ये अडकून अशी आपटले होते की हनुवटीवरची खूण अजून आहे. घरी आल्यावर आई काय म्हणाली? "ओढणी सांभाळता येत नाही का?" ओढणीला कुणी काही बोललं नाही, सायकलला नाही, मलाच. आणि आता बघा, पेठ-सुरगाण्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देतं, चांगलीच योजना आहे, पोरी शाळेत टिकतात, पण सायकल द्यायची आणि अंगात सायकलवर धड बसता येणार नाही असा ड्रेस, हे गणित मला कधी कळलं नाही.

आता करायचं काय. एकट्या जाऊ नका, एकट्या आईची 'तक्रार' होते. वर्गातल्या चार-पाच आया गोळा करा, एखादे बाबा पण घ्या, बाबा बोलले की का कोण जाणे पण लवकर ऐकू जातं. शाळा महापालिकेची, झेडपीची किंवा अनुदानित असेल तर आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात चारपैकी तीन सदस्य पालक लागतात आणि निम्म्या बायका, तिथे विषय लेखी द्या. विनाअनुदानित असेल तर पालक-शिक्षक संघात द्या. आणि अर्जात 'मुलींवर अन्याय' वगैरे भाषण नको, मी शाळेत अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूला बसलेय तेवीस वर्षं, दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटतात. एकच ओळ मागा : "मुलींना स्कर्ट, पंजाबी ड्रेस किंवा त्याच कापडाची फुल पँट, यांपैकी काहीही चालेल." कुणाचं काही काढून घेतलं जात नाहीये, यादीत एक वस्तू वाढतेय फक्त.

आणि लेकीला पण लिहू द्या. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१७ साली अकरा वर्षांच्या मुलीने थेट शिक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, की मला शाळेत पँट-शॉर्ट्स का घालू देत नाहीत, आणि मंत्र्यांनी तिथल्या सरकारी शाळांचा नियमच बदलला. आपल्याकडे लगेच इतकं होईल असं म्हणत नाही मी, पण पोरीच्या अक्षरातला अर्ज टेबलावर असला की बैठकीत बोलणं जरा वेगळं होतं.

प्रश्न : मी ७४ वर्षांचा निवृत्त कारकून. मुलींनी पँटी घालायच्या हे पाश्चात्त्य खूळ आहे. आपली काही संस्कृती आहे की नाही? पँट घालून काय सगळ्या कलेक्टर होणार आहेत? (एक आजोबा, पंचवटी)

आजोबा, रागावू नका, पण स्कर्ट कुठला हो? पिनो, टाय, बेल्ट, हे रामकुंडावर सापडलं की गोदाकाठच्या वाड्यात? साहेबाच्या शाळेतून आलं ते सगळं. आपल्या संस्कृतीचंच म्हणाल तर माझी आजी दिंडोरीकडची, नऊवारीचा कासोटा मारून बैलगाडीवर चढायची, विहिरीच्या पायऱ्या उतरायची, वावरात दिवसभर वाकून निंदायची. कासोटा म्हणजे शेवटी काय, दोन पाय वेगवेगळे मोकळे. आजीला जे होतं तेच नात मागतेय, शिवलेलं हवंय एवढाच फरक.

आणि तुम्ही कधी त्र्यंबक रोडला गेलात तर महाराष्ट्र पोलीस अकादमीवरून जाताच ना, तिथे दीक्षांत संचलनाला मुली पोरांच्या बरोबरीने पाय आपटत खाकी पँटमध्ये जातात आणि त्यांचे आजोबा पुढच्या रांगेत डोळे पुसत बसलेले असतात. आपली सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं तिने, तेव्हा तिच्या कपड्यांचा विषय तुमच्या तरी डोक्यात आला होता का?

पाश्चात्त्यांचंही ऐका, गंमत आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामध्ये एका शाळेत मुलींना स्कर्टची सक्ती होती, आणि शाळा काढणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं असं की स्त्री म्हणजे नाजूक भांडं, पुरुषांनी जपायचं असतं. पालक कोर्टात गेले. २०२२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की ही सक्ती घटनेतल्या समानतेच्या विरुद्ध आहे. म्हणजे तिकडेही तुमच्या मताचे आजोबा आहेत बरं का, तुम्ही एकटे नाही.

कलेक्टरचं मात्र खरं, पँटमुळे कुणी होत नाही. स्कर्ट घालूनही होतात, साडी नेसूनही होतात. इथे विषय सायकलच्या चेनचा चाललाय.

प्रश्न : मी नववीत आहे. आमचा शनिवारचा पीटीचा ड्रेस पूर्ण पांढरा आहे, सलवार पण पांढरी. पाळी असली की मी शनिवारी शाळेतच जात नाही, माझ्या तीन मैत्रिणी पण नाही जात. सरांना कसं सांगायचं? (नाशिकरोड)

बाळा, तुझं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली, का ते सांगते.

मी वर्गशिक्षिका असताना शनिवारी हजेरी घेतली की आठवी-नववीच्या मुलींच्या रकान्यात 'गै' 'गै' 'गै', म्हणजे गैरहजर. मुलांच्या बाजूला तितकं नाही. मी काय समजायचे, तर सकाळची शाळा, उठत नाहीत, आळशी झाल्यात पोरी. दोन-तीनदा ओरडलेसुद्धा सगळ्यांसमोर. एकदा आमच्या शाळेतल्या मावशी, ज्या मधल्या सुट्टीत मुलींच्या बाथरूमपाशी बसायच्या, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, पोरी आळशी न्हाईत, ड्रेस पांढरा हाय." सात शब्द. मी बाई असून, शिक्षिका असून, मला ते स्वतःहून सुचलं नव्हतं, कारण मी शनिवारी गडद साडी नेसायचे!

मग आम्ही काय केलं, शनिवारी सगळ्यांना, मुलगे-मुली दोघांनाही, नेव्ही ब्लू ट्रॅक पँट आणि पांढरा टी-शर्ट असा प्रस्ताव ठेवला. बैठकीत मी पाळीचा 'पा' सुद्धा काढला नाही. म्हटलं, पांढऱ्या पँटी मातीने लाल होतात, नीळ घाला, ब्लीच करा, आया वैतागल्यात. दहा मिनिटांत मंजूर. पुढच्या जूनपासून ड्रेस बदलला आणि शनिवारचे 'गै' कमी झाले. काम झालं खरं, पण ते धुण्याच्या नावावर करावं लागलं याचं मला आजही बरं वाटत नाही. तुम्ही माझ्यापेक्षा धीट आहात, तुम्ही खरं कारण सांगा.

सरांना तू सांगायची गरज नाही. वर्गशिक्षिका मॅडमकडे चौघी मिळून जा, चिठ्ठी लिहून द्या, बोलायला लाज वाटत असेल तर फक्त द्या आणि तिथेच उभ्या राहा. दोन गोष्टी मागा. आत्ताच्या आत्ता : त्या शनिवारी रोजचा गडद ड्रेस चालू दे, कारण विचारू नका. जूनपासून : शनिवारची ट्रॅक पँट, सगळ्यांना. आणि शनिवार बुडवू नकोस गं, तुमच्या शाळेत खो-खो चांगला शिकवत असतील.

प्रश्न : माझ्या मुलीला पँट नकोय, ती पंजाबी ड्रेस आणि ओढणीतच मोकळी असते. उद्या सगळ्यांना पँटच घाला असं झालं तर? (जुने नाशिक)

मग मी तुमच्या बाजूने लिहीन.

केरळात हे झालंय. कोळिकोड जिल्ह्यात बालुश्शेरीच्या सरकारी मुलींच्या शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये अकरावीच्या मुली शर्ट-पँटमध्ये आल्या, बऱ्याच मुली आणि पालक खूश होते, पण काही संघटना रस्त्यावर उतरल्या की हे आमच्यावर लादताय. पुढे २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांना सभागृहात सांगावं लागलं की सरकार असा गणवेश कुणावर लादणार नाही. मला विचाराल तर चूक पँटची नव्हती, सगळ्यांना एकसारखं केलं की बराबरी आली असं समजण्यात गडबड झाली. स्कर्ट लादला तर वाईट आणि पँट लादली तर पुरोगामी, असं कसं चालेल? म्हणून वरच्या अर्जात मी 'किंवा' लिहिलंय. तो शब्द कुणी खोडू नका, तुमच्या मुलीचा ड्रेस त्याच्यातच आहे.

प्रश्न : आम्ही कंपनीत काम करणारी माणसं. आधीच रोजचे दोन ड्रेस, पीटीचा एक, स्वेटर, बूट. आता पँटचा अजून खर्च? (एक बाबा, सातपूर)

अजून नाही हो, बदली. स्कर्टच्या ऐवजी पँट घ्यायची, दोन्ही नाही. आणि आतली शॉर्ट, लेगिंग वाचते ते वेगळंच. फक्त 'अमुक दुकानातूनच घ्या' अशी अट घालू देऊ नका, कापडाचा रंग-नंबर मागून घ्या आणि गल्लीतल्या टेलरकडे शिवा.

सरकारी शाळांचं दुखणं मात्र वेगळं आहे, तिथे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून गणवेशाच्या दोन जोडांना मिळून सहाशे रुपये, म्हणजे तीनशेत एक जोड, त्यात चांगल्या कापडाची पँट कशी बसवायची सांगा. २०२४-२५ ला सरकारने एकच कापड घेऊन बचत गटांकडून शिवून द्यायचं ठरवलं, तर कुठे मापं चुकली, कुठे पावसाळा संपला तरी ड्रेस आले नाहीत, शेवटी ते काम परत शाळा समित्यांकडे गेलं. गेलंय तर गेलंय, समितीतल्या आयांनी आता पँटचा विषय तिथेच काढावा.

शिवताना एकच सांगते, मुलांची तयार पँट आणून मुलीला घालू नका. कंबरेत ढगळ होते आणि सीटला घट्ट, मग पोरगी दिवसभर शर्ट खाली ओढत बसते आणि म्हणते, मला पँट नकोच. मागून इलास्टिक घ्या, सीटला सैल ठेवा, आणि खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायला सांगा, या वयात पोरी एका दिवाळीत उंच होतात.

प्रश्न : मुलींच्या पँटला खिसे असतात का? (सहावी, पत्ता लिहिलेला नाही)

टेलरकाकांवर आहे. काही जण नुसती शिलाई मारून खिशासारखं दाखवतात, आत काहीच नसतं, तेव्हा माप देतानाच हात घालून दाखव इथपर्यंत पाहिजे म्हणून. सिटीलिंक बसचा पास, रुमाल आणि दोन चिंचा मावल्या पाहिजेत. दोन्ही बाजूंना.