वडिलांची दुनळी घरात आहे, मग रायफल घ्यावी का?

आर्णी तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. नऊ एकर वावर, त्यातलं पाच एकर नाल्याकाठी, जंगलाला लागून. गेल्या खरिपात डुकरांनी सोयाबीन लोळवलं, रोह्यांनी (नीलगायींनी) तुरीचे शेंडे खुडले. त्यांच्या हिशेबाने सहा क्विंटल सोयाबीन आणि दीड क्विंटल तूर गेली. वडील ७४ वर्षांचे. त्यांच्या नावावर पीकसंरक्षणाचा परवाना आणि बारा बोरची जुनी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छऱ्याची बंदूक. साळ्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या बोल्टच्या (दर गोळीला हाताने कडी ओढून भरायच्या) रायफली दाखवल्या आणि भावाच्या मनात रायफल बसली. दुकानात चौकशी केली, तर ०.३१५ बोरची देशी बोल्ट रायफल टॅक्ससकट १ लाख १५ हजार आणि वरची दुर्बीण १८ हजार. मे महिन्यात २ लाखांची एफडी सुटते. मुलगी नागपूरला नर्सिंग करते, जुलैमध्ये तिची ७० हजार फी आहे. ते विचारतात, "एकदाच खर्च करतो, दहा वर्षं पीक वाचेल. हिशेब बरोबर आहे ना?"

भाऊ, आधी उत्तर देतो. या मे महिन्यात रायफल घेऊ नका. एफडीतले ३६ हजार झटका कुंपणाला, म्हणजे विजेचे ठोके देणाऱ्या तारांना, काढा, ७० हजार मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवा, आणि वडिलांची दुनळी कायदेशीर मार्गाने तुमच्या नावावर करून घ्या. याची कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमचा राग मला कळतो. माझ्या मामाचं वावर दारव्ह्याकडे आहे. एकदा नोव्हेंबरमध्ये मी त्यांच्यासोबत माळ्यावर जागलीला (रात्रीच्या राखणीला) बसलो होतो. अंधारात डुकरं दिसली नाहीत, फक्त ऐकू आली. तुरीच्या ओळींतून खसखस, मग मुळं उकरल्याचा आवाज, मग चघळणं. वीस-पंचवीस पावलांवर वर्षाची कमाई कोणीतरी खात होतं आणि हातातली बॅटरी लावली की क्षणभर नुसत्या पाठी दिसायच्या. त्या रात्री मलाही वाटलं होतं की हातात चांगली रायफल हवी होती. सकाळी मामांनी धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून मला नाल्यापलीकडचा तांडा दाखवला. गोळी चुकली असती तर कुठे गेली असती, ते त्यांना बोलून दाखवावं लागलं नाही.

आता पैशाचं बोलू. रायफल आणि दुर्बीण मिळून १ लाख ३३ हजार. काडतुसं, घरात कुलपाचं लोखंडी कपाट, कागदपत्रांसाठी यवतमाळच्या चकरा असे आणखी १२ हजार धरा. झाले १ लाख ४५ हजार. एफडीतून उरले ५५. फी ७० हजार. म्हणजे जून लागला की तुम्ही १५ हजारांनी मागे, आणि बी-बियाणं कृषी केंद्राच्या उधारीवर. त्या उधारीचा भाव बॅगेच्या किमतीत कसा लपलेला असतो, हे मी तुम्हाला काय सांगणार.

नुकसान किती? सोयाबीन ४,५०० आणि तूर ७,००० रुपये क्विंटल धरली तर तुमचे ३७ हजार ५०० गेले. रायफलीने त्यातलं किती वाचेल? मी उदार होऊन चौथा हिस्सा धरतो, कारण एक डुक्कर पडलं तरी कळप संपत नाही. तो चार रात्री बाजूच्या वावरात जातो आणि पाचव्या रात्री परत येतो. चौथा हिस्सा म्हणजे वर्षाला साधारण ९,४०० रुपये. १ लाख ४५ हजार साडेसहा टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर वर्षाचं व्याजही तेवढंच येतं आणि मुद्दल शाबूत राहतं. पैसे रायफलीत घातले तर फिटायला पंधरा वर्षं लागतील. "दहा वर्षं पीक वाचेल" या वाक्याचा खरा अर्थ हा आहे.

त्यातही ही बंदूक मनात येईल तेव्हा चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच काढून टाकले, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे आपला रोही, दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत, आहेत. पिकाचं नुकसान होत असेल तर वन विभागाची लेखी परवानगी मिळू शकते, तिच्यातल्या अटींप्रमाणे वागावं लागतं, आणि पडलेलं जनावर सरकारी मालमत्ता असते. मटण घरी नेणं हा गुन्हा आहे. परवानगीशिवाय डुक्कर मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवान्याचं हत्यार जप्त होईल ते वेगळंच. गावात "आमच्याकडे कोणी विचारत नाही" असं म्हणणारे असतात. मी तुमच्या पैशाचा सल्लागार आहे, त्यामुळे वकिलाचा खर्च मला तुमच्या ताळेबंदात दिसतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायचा आदेश येऊ शकतो. कोणाची घ्यायची हे छाननी समिती ठरवते. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला होतं. पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली, तूर शेंगेवर, डुकरांचा जोर, आणि बंदूक ठाण्यात. मग तिच्यावर अवलंबून पीक कसं राखायचं?

आता साळ्याने दाखवलेल्या रायफली. तो चुकीचं बोलला नाही, ते मान्य करतो. अमेरिकेत रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस अशा साध्या बोल्ट रायफली मिळतात. प्लास्टिकचा दस्ता, दिसायला अगदी गरीब, पण शंभर मीटरवर तीन गोळ्या तीनेक सेंटिमीटरच्या गोलात बसाव्यात अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. पूर्वी ही नेमकेपणाची किंमत कारागिराच्या हाताला द्यावी लागायची. आता नळी यंत्रावर सारखी निघते, नळी दस्त्याला कुठेही टेकत नाही, आणि घोडा (ट्रिगर) हलका करता येतो. सॅव्हेजने २००३ मध्ये वापरणाऱ्यालाच जुळवता येणारा घोडा आणला आणि स्वस्त रायफलीचा चेहरामोहरा बदलला. फिनलंडची टिक्का त्याहून महाग, पण तिचं नाव नेमकेपणासाठीच आहे. मात्र भाऊ, ती दुकानं तिकडची. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला बाहेरून रायफल आणण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली. त्याआधी आलेल्या जुन्या माऊझर, बीएसए अशा परदेशी रायफली हातोहात फिरतात आणि त्यांचा भाव त्या दुर्मीळ असल्यामुळे लागतो, कामामुळे नाही. मोबाइलवरची किंमत डोक्यातून काढून टाका.

आपल्यासाठी खरा पर्याय इशापूरच्या रायफल कारखान्याची ०.३१५. हा कारखाना २०२१ पासून ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीत आहे. तिचा बोल्ट ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घडणीचा, मागून अडकणारा. वर ओढला की कडक वाजतो, मऊ अजिबात नाही. काडतुसं खडकीच्या कारखान्याची मिळतात, हा तिचा मोठा गुण. ०.२२ घेऊ म्हणाल तर ती डुकराला अपुरी. जखमी डुक्कर तुमच्याच माणसावर येईल. ३०-०६ बोरची दमदार, पण बंदूक आणि गोळी दोन्ही महाग. म्हणजे निवड फार नाही.

पुढे कधी खरंच घ्यायची झाली, तर १८ हजारांच्या दुर्बिणीआधी नळी बघा. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट काढा, पांढऱ्या कागदावर उजेड पाडून नळीतून बघा, आतले पीळ टोकापर्यंत धारदार दिसले पाहिजेत. नळीच्या तोंडावर बोट फिरवा. तिथे टवका उडालेला असेल तर गोळी दर वेळी वेगळीकडे जाते, कितीही महाग काच लावा. मग एक कोरी नोट नळी आणि लाकूड यांच्या मधून सरकवून बघा, कुठे अडकते ते लक्षात ठेवा. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तिथेच नळी दाबली जाते आणि आषाढात निशाणा सरकतो. साध्या ०.३१५ ला उघडी लोखंडी साईट येते. दुर्बीण बसवायला कसबी कारागीर लागतो, आणि ढिली बसली तर ती नसलेली बरी. जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या मैदानात वाळूच्या पोत्यावर टेकवून पन्नास मीटरवर पाच गोळ्या मारा. सात-आठ सेंटिमीटरच्या गोलात बसल्या तर डुकरासाठी ती बंदूक पुरेशी नेमकी आहे. त्याहून बारीक गोलासाठी पैसे मोजणं म्हणजे बैलबाजारात घोड्याचा दर देणं.

पण तुमच्या गरजेला तेही लागत नाही. जागलीवर जनावर तीस-चाळीस मीटरवर असतं, आणि ते अंतर दुनळीचं आहे. रायफलीची गोळी सपाट रानात दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते. तुमच्या पाच एकरांचा एक धुरा साधारण १४० मीटरचा. मग सांगा, कोणतं हत्यार तुमच्या वावराच्या मापाचं?

दुनळीचं असं. शस्त्र नियम २०१६ मध्ये वारसाची सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याच्याकडे हत्यार २५ वर्षं असेल, तर तो कायदेशीर वारसाला हत्यार देण्यासाठी अर्ज करू शकतो. वडील ७४ चे आहेत. आत्ताच अर्ज करा, त्यांचा हात चालतो आणि ते स्वतः जिल्हाधिकारी कार्यालयात येऊ शकतात तोवर. मागे राहिलं तर भावंडांच्या सह्या, वारस दाखला, बंदूक ठाण्यात पडून, असा पसारा होतो. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने त्यात दोन वर्षं घालवली. वारसाला स्वतःचा परवाना लागतो: वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, पोलीस चौकशी. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर हत्याराचा प्रकार लिहिलेला असतो, त्यामुळे रायफलीसाठी मुळात नवी मागणी करावी लागली असती. आणि विकायची म्हटली तरी परवानाधारक गिऱ्हाईक किंवा परवान्याचं दुकान शोधावं लागतं. अडचणीच्या दिवशी सोनं तासाभरात गहाण पडतं, रायफल पडत नाही.

आता ३६ हजारांचं कुंपण. पाच एकरांचा घेर साधारण ५७० मीटर. चार तारा म्हणजे २,३०० मीटर, जाडी दोन मिलिमीटर, वजन पन्नास-साठ किलो. तार ६ हजार, सोलर पॅनेल आणि बॅटरीसकट झटका मशीन १४ हजार, पाच-पाच मीटरवर खांब ९ हजार, इन्सुलेटर आणि किरकोळ ३, मजुरी ४. भाव आमच्याकडच्या दुकानांतले आहेत, तुमच्याकडे थोडे मागेपुढे होतील. सर्वात खालची तार जमिनीपासून एक वीत वर घ्या, दुसरी गुडघ्याच्या खाली. डुक्कर नाकाने ढकलतं, झटका नाकालाच बसला पाहिजे. पावसाळ्यात तण तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून आठवड्याला एक फेरी विळा घेऊन धुऱ्याने मारा. यात दोन तृतीयांश जरी पीक वाचलं तरी वर्षाला २५ हजार, देखभालीचे तीन हजार वजा करून २२. दोन हंगाम पूर्ण व्हायच्या आत पैसे परत. आणि जागलीची मजुरी कमी झाली तर ती वेगळी.

मशीन फक्त ठोके देणारं घ्या. खांबावरची लाइन थेट तारेत सोडायचा विचारही करू नका. आपल्या विदर्भात अशा तारांनी वाघ मेले आणि माणसंही मेली, शेजारच्याच वावरातली.

तुमचं गाव जंगलाच्या कडेचं आहे, म्हणून तार घेण्याआधी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाचं अनुदान बसतं का, ते वनरक्षकाला विचारा. आधी खरेदी करून मग विचारलं तर बहुधा हात हलवत परत यावं लागतं. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वन विभागाला अर्ज द्या, पंचनाम्याची पोच घ्या. गेल्या वर्षीचं तुम्ही नोंदवलंच नाही, ते ऐकून मला वाईट वाटलं. पीक विम्यात वन्यप्राण्यांचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला आहे, आणि ७२ तासांत ॲपवर कळवायची अट आहे. कोणते प्राणी आणि कोणते भाग हे राज्याने अधिसूचित करायचं असतं, म्हणून हप्ता भरण्याआधी कृषी सहायकाकडे आपल्या भागाची यादी बघा. एक रुपयाचा विमा गेला, आता सोयाबीनला दोन टक्के हप्ता आहे. एवढा भरा.

एफडीचं वाटप असं: ३६ कुंपणाला, ७० फीला, ४० खरिपाच्या बी-खताला, म्हणजे उधारी नको. उरलेले ५४ हजार पुन्हा एफडीत, पण तीन तुकड्यांत, म्हणजे दवाखाना निघाला तर एकच मोडावी लागेल. पीककर्ज मुदतीत भरत राहा. मुदत पाळली तर तीन लाखांपर्यंत पंजाबराव देशमुख योजनेतून व्याज शून्यावर येतं, आणि ही सवलत कोणत्याही बंदुकीपेक्षा तुमच्या वावराला जास्त राखते.

दोन खरीप कुंपण चालवून बघा. त्यानंतरही हौस राहिली आणि मुलीची शेवटची फी भरून झाली, तर रायफलीचं पुन्हा बोलू. तोवर एक काम करा. पेरणीआधी दोरी घेऊन नाल्याकाठचा धुरा मोजा, कळप आत येतो त्या वाटा चुन्याने खुणा करून ठेवा, आणि तो आकडा मला कळवा. खांबांचा हिशेब त्यावरून पक्का करून देतो.