अट शिथिल करून सर्वात कमी दरवाल्याला काम देता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगरपरिषदेने शाळेच्या बाकांसाठी निविदा काढली, ३ वर्षांच्या अनुभवाची अट घातली आणि आता ज्याच्याकडे अनुभवाचा दाखलाच नाही, त्याचा दर सर्वात कमी निघालाय. पैसे वाचतात, म्हणून अट सोडून त्यालाच काम द्यावं, असं साहेबांचं म्हणणं.

नाही देता येत.

मला आधी खटकलं ते वेगळंच. दोन लिफाफा पद्धतीत (एका लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रं, दुसऱ्यात दर) तांत्रिक छाननीत जो अपात्र ठरतो, त्याचा आर्थिक लिफाफा उघडतच नाहीत. मग त्याचा दर कळला कसा? छाननीचा तक्ता मागवा आणि सह्यांखालच्या तारखा बघा.

आता कायदा. १९७७ साली मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहासाठी निविदा निघाली. अट होती नोंदणीकृत दुसऱ्या श्रेणीचा हॉटेलवाला आणि किमान ५ वर्षांचा अनुभव. सर्वाधिक शुल्क देऊ करणारा कँटीन चालवायचा, अटीत बसत नव्हता, तरी काम त्यालाच मिळालं. त्यावरूनच झालेल्या रमणा दयाराम शेट्टी खटल्यात (१९७९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्वतः घातलेली अट सरकारी संस्थेलाही बांधते. ती ऐनवेळी सोडली तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ मधल्या समानतेचा भंग होतो. खरा अन्याय होतो तो अट वाचून ज्यांनी अर्जच भरला नाही त्यांच्यावर. तुमच्याही गावात असा एखादा फॅब्रिकेटर असेल, अनुभवाची ओळ वाचून मागे फिरलेला. त्याचा दर याहून कमी असता, तर? वाचलेल्या पैशांचा हिशेब त्याला वगळून मांडताच येत नाही.

प्रत्येक त्रुटीने निविदा बाद होते असं मात्र नाही. पोद्दार स्टील प्रकरणात (१९९१) बयाणा (निविदेसोबत भरायची अनामत) स्टेट बँकेच्या धनाकर्षाऐवजी (डिमांड ड्राफ्टऐवजी) युनियन बँकेच्या धनादेशाने भरला होता. ती दुय्यम अट म्हणून न्यायालयाने चालवून घेतलं. अनुभवाची अट पात्रतेची आहे, तिला ही सवलत लागू पडणार नाही.

अट खरंच जाचक वाटत असेल तर निविदा रद्द करा, अट बदला, पुन्हा जाहिरात द्या. आणि तुम्हाला हरकत घ्यायची असेल तर कार्यादेश (काम सुरू करण्याचा आदेश) निघायच्या आत लेखी द्या, पोच घ्या. शेट्टी प्रकरणात तत्त्व मान्य होऊनही काम रद्द झालं नाही. त्याचं एक कारण, दाद मागायला उशीर झाला होता आणि तोवर काम मिळालेल्याने खर्च करून टाकला होता.