चिमणीआधी पाणी बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तमिळनाडूतल्या नेयवेलीच्या पहिल्या औष्णिक वीज केंद्रावरचा तुझा खर्डा दोनदा वाचला. मेहनत दिसते. पण सुरुवातच चिमण्या आणि मेगावॉटनी केल्यामुळे तो माहितीपत्रकासारखा झाला आहे. माझं ऐक, पाण्यापासून सुरू कर.

१९३०च्या दशकात जंबुलिंगम मुदलियार यांच्या जमिनीत विहिरीच्या पाण्याबरोबर काळा पदार्थ, म्हणजे लिग्नाइट हा ओलसर तपकिरी कोळसा, वर आला, तिथून ही गोष्ट सुरू होते. पुढे तेच पाणी आडवं आलं. लिग्नाइटच्या थराखालचं भूजल प्रचंड दाबाखाली आहे. वरची माती काढत गेलं की खाणीचा तळच उचलला जाण्याची भीती. म्हणून भोवती विंधनविहिरी घेऊन रात्रंदिवस उपसा करावा लागला. पंप थांबले की खाण थांबणार, आणि खाण थांबली की केंद्र.

शिवाय पाणी इंधनातही आहे! तिथल्या लिग्नाइटचं जवळपास निम्मं वजन पाण्याचंच. ते रेल्वेने लांब न्यायचं म्हणजे पाण्याचं भाडं भरायचं, म्हणून केंद्र खाणीच्या तोंडाशीच उभं राहिलं. असं ओलं इंधन जाळायचं तर भट्टीतलेच तापलेले वायू ओढून घेऊन ते दळता दळता वाळवतात. बॉयलरही दगडी कोळशाच्या मानाने बराच मोठा लागतो. यावर दोन पानं खुशाल खर्च कर.

सनावळी चार ओळींत उरक: १९५६ला नेयवेली लिग्नाइट महामंडळ, १९६२ला ५० मेगावॉटचा पहिला संच, सोव्हिएत मदतीने एकूण ९ संच आणि ६०० मेगावॉट, २०२०मध्ये केंद्र बंद.

माणसांकडे मात्र सवडीने जा. उमेदवारीच्या काळात मी एका जुन्या केंद्राचा इतिहास लिहिला, तो सगळा कार्यालयातल्या अहवालांवरून. पंपघरात आयुष्यभर पाळ्या केलेले एक काका रोज भेटायचे. उद्या विचारू, उद्या विचारू करत राहिलो आणि ते गेले. ती हळहळ अजून जात नाही. तू निवृत्त कामगारांना भेट, पाळीच्या नोंदवह्या बघायला माग. खाणीसाठी ज्यांची गावं उठली त्यांच्याकडेही जा, आणि त्यांचं म्हणणं शेवटच्या परिच्छेदात ढकलू नकोस. तमिळ जाणणारं कुणीतरी सोबत ने.

पुढचा खर्डा पाठवशील तेव्हा उपशाच्या जुन्या नोंदी कुठवर मिळाल्या, तेही कळव.