वर्गाबाहेरचा तास : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मुलांना वर्गाबाहेर नेऊन काय शिकवायचं, कसं शिकवायचं, यावर सातारा जिल्ह्यातून बरेच प्रश्न आलेत. सगळे एका अंकात मावणार नाहीत म्हणून चार घेतलेत, बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न : मॅडम, मी जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. मुलांना बाहेर न्यायची इच्छा खूप आहे पण पोर्शन मागे पडतो, आणि मुख्याध्यापक म्हणतात आधी धडे संपवा. पटांगण सोडून कुठं न जाता काही करता येईल का?

उत्तर : सर, येईल, आणि पोर्शनही होईल. मीटरपेक्षा थोडी लांब काठी घ्या, जमिनीच्या वर बरोबर १०० सेंटीमीटर राहील अशी पुरा, आणि गवंड्याचा ओळंबा लावून ती सरळ उभी आहे का ते पोरांनाच बघू द्या, काठी जरा जरी कलली तरी सगळी मापं चुकतात. मग विचारा, सावली सगळ्यात आखूड किती वाजता होणार? सगळी 'बारा वाजता' म्हणणार. तुम्ही काही बोलू नका. पावणेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी दोघं दोघं जाऊन सावलीच्या टोकाला खडा ठेवतील, लांबी आणि वेळ वहीत लिहितील आणि परत येऊन बसतील, बाकी वर्ग चालूच राहतो.

सावली बाराला आखूड होतच नाही, साडेबाराच्या आसपास होते. तिथं पोरं घड्याळावर संशय घेतात, घेऊ द्या, दुसरं घड्याळ आणू द्या. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे, ती रेषा लांब तिकडं उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते, आणि सातारा आहे ७४ अंशाला. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला ४ मिनिटं, झाली ३४ मिनिटं. त्यातही वर्षभरात थोडी मागंपुढं होतात, सप्टेंबरअखेर साधारण १२ वाजून २६ मिनिटं येतात तर फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएक होऊन जातो. भर दुपारी सावलीची लांबी फार हळू बदलते म्हणून पोरांच्या उत्तरात पाच-सात मिनिटं इकडंतिकडं होणार, ते चालतं.

आता खरी मजा. २३ सप्टेंबरच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो, त्या दिवशी हे केलं तर मीटरच्या काठीची सगळ्यात आखूड सावली ३२ सेंटीमीटरच्या जवळपास येते. तोच त्रिकोण वहीवर लहान मापात काढायचा आणि काठीच्या टोकाकडचा कोन कोनमापकानं मोजायचा, तो १८ अंशाच्या जरासा आत भरतो आणि तेच आपले अक्षांश. नकाशा त्यानंतर उघडायचा, आधी नाही. त्या दिवशी ढग आले तर दोन दिवस आधी किंवा नंतर केलं तरी साधारण एका अंशापेक्षा जास्त फरक पडत नाही. हीच काठी २२ डिसेंबरला परत मोजा, सावली ८७ सेंटीमीटरला गेलेली असते, आणि ऋतू का होतात हा धडा मग फळ्यावर वेगळा शिकवावा लागत नाही. आणि मुख्याध्यापकांना एवढं दाखवा की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकवायचं लिहिलेलं आहे.

प्रश्न : ताई, मी कराडची. मुलगी चौथीत आहे, त्यांच्या बाई हल्ली सारखं शेतात, ओढ्याला नेतात. कपडे मळतात त्याचं काही नाही हो, पण साप-विंचू, पाणी याची भीती वाटते, आणि घरी सासरे म्हणतात की आम्ही मातीतनं वर काढायला शाळेत घातलं आणि शाळा परत मातीत घालते.

उत्तर : ताई, सासऱ्यांचं बोलणं कष्टातनं आलेलं आहे, त्यांना दुखवू नका. फक्त त्यांना आठवण करून द्या की कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली ती तुमच्याच तालुक्यातल्या काले गावात, आणि 'कमवा आणि शिका' म्हणत तिथली मुलं हातानं काम करत शिकली आणि मोठ्या हुद्द्यांवर गेली. हातानं काम करणं म्हणजे मागं जाणं नव्हे हे आपल्या जिल्ह्याला कुणी बाहेरून येऊन सांगायची गरज नाही.

भीतीचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडच्या माळावर, खडकाळ जागेत फुरसं, म्हणजे एक विषारी साप, असतं, रंगानं मातीसारखंच, पटकन दिसत नाही. म्हणून बाईंना थेट विचारा : सगळ्या मुलांच्या पायात बूट असतात का, दगड उचलायचा तर हातानं न उचलता काठीनं आपल्याकडं उलटवतात का, म्हणजे दगड आपल्या आणि त्या प्राण्याच्या मध्ये राहतो, आणि पुढं एक आणि मागं एक मोठं माणूस असतं का. झाडाला किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसलं की गुपचूप मागं फिरायचं, धूर नाही, दगड नाही, आरडाओरडा नाही. ढग गडगडले की झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत जायचं. ओढ्यात घोट्याच्या वर पाणी असेल तर उतरायचं नाही, आणि कृष्णा-कोयनेत तर अजिबातच नाही, प्रीतिसंगमावर उन्हाळ्यात पाणी कितीही संथ दिसलं तरी. साप चावलाच तर दोरी आवळणं, ब्लेडनं कापणं, मांत्रिक हे काहीही न करता तो हात किंवा पाय हलू न देता मुलाला उचलून सरळ सरकारी दवाखान्यात न्यायचं, विषावरची लस तिथं मिळते. ही उत्तरं बाईंकडं तयार असतील तर मुलीला खुशाल पाठवा.

प्रश्न : नमस्कार. माण तालुक्यात दहिवडीच्या पलीकडं आमची माध्यमिक शाळा आहे. पर्यावरणाचे उपक्रम वाचतो त्यात जंगल, तलाव, पक्षी असतात. आमच्याकडं माळ आणि दगड. आम्ही काय करायचं?

उत्तर : सर, माळावर जे करता येतं ते जंगलात करता येत नाही. तुमच्याकडं उतार आहे, उघडा. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१८ साली तुमच्याच माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं, तेव्हा गावागावात समतल चर, म्हणजे पाणी अडवायला उतारावर एका पातळीत आडवे चर, खोदले गेले, आणि त्या चरांची रेषा आखायला लोकांनी जे साधन वापरलं ते तुमची आठवी-नववीची पोरं एका तासात बनवतील. ए फ्रेम म्हणतात त्याला.

साधारण सहा फुटांच्या दोन सारख्या काठ्या वरच्या टोकाला घट्ट बांधायच्या, पाय फाकवून मध्ये आडवी पट्टी बांधायची, आणि वरच्या गाठीवरनं सुतळीला दगड बांधून सोडायचा असा की सुतळी आडव्या पट्टीच्या खाली लोंबेल. आता पट्टीवर मध्य कुठं? इथं बरीच मंडळी पट्टी मोजून मध्यावर खूण करतात, ते करू नका, कारण काठ्या कधीच अगदी सारख्या नसतात. फ्रेम उभी करा, दोन्ही पायांच्या जागी जमिनीवर खूण करा, सुतळी पट्टीला जिथं लागते तिथं रेघ मारा. मग फ्रेम फिरवा, डावा पाय उजव्याच्या खुणेवर आणि उजवा डाव्याच्या, परत रेघ मारा. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये तुमची खरी खूण. हे का होतं ते मुलांनी एकमेकांना समजावून सांगेपर्यंत पुढं जाऊ नका, भूमितीचा एवढा चांगला तास दुसरा मिळणार नाही.

मग माळावर एक पाय रोवायचा, दुसरा पाय खालीवर सरकवत सुतळी खुणेवर आली की तिथं चुन्याचा ठिपका द्यायचा, फ्रेम फिरवून पुढं, परत ठिपका. पन्नास-साठ ठिपके झाले की मुलांना वर चढून लांबनं बघायला सांगा. सरळ रेषा दिसेल असं वाटलेलं असतं, आणि दिसते ती उताराबरोबर वळत गेलेली पांढरी रेघ, भूगोलाच्या पुस्तकातली समोच्च रेषा साक्षात जमिनीवर. त्याच्या खाली वीस पावलांवर दुसरी काढा. ओळी जवळ आल्या तिथं उतार तीव्र, हे मग पाठ करावं लागत नाही.

आणि पाऊस मोजाच. सरळ भिंतीची प्लास्टिकची बरणी, तोंडाएवढ्याच रुंदीचं फनेल, बाजूला पट्टी, आणि झाड-भिंतीपासून लांब उघड्यावर ठेवायची. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ खडबडीत असतो म्हणून तिच्यात आधी थोडं सिमेंट ओतून तळ सपाट करून घ्यावा. वाचन रोज सकाळी साडेआठला, हवामान खातंही तेव्हाच घेतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, एवढं कळलं की शाळेचं छप्पर मोजून मुलं स्वतः हिशोब करतील. १०० चौरस मीटरच्या छपरावर १० मिलिमीटर पडला तर हजार लिटर! महाबळेश्वरकडच्या एखाद्या शाळेशी व्हॉट्सअॅपवर रोजचे आकडे अदलाबदल करा. तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तुमच्याकडं पाचशेच्या आसपास, आणि जिल्हा एकच. तो फरक मुलांनी स्वतः मांडलेल्या दोन आलेखांत बघितला की सह्याद्री पाऊस अडवतो म्हणजे काय ते कळतं.

प्रश्न : आम्ही सातारा शहरातल्या शाळेतल्या दोघी शिक्षिका. सप्टेंबरात ६० मुलांना कासच्या फुलांच्या पठारावर न्यायचं ठरतंय. एका दिवसात जास्तीत जास्त शिकवायला काय काय करावं?

उत्तर : जास्तीत जास्त नको, एकच प्रश्न घेऊन जा. माझ्या मते तो असा : इथली काही झाडं किड्यांना का खातात? कासला जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर आहे, पावसाळ्यात पाणी साचून राहतं, मातीत नत्र कमी, म्हणून दवबिंदू नावाचं रोप आपल्या चिकट थेंबांवर किडे धरतं आणि सीतेची आसवं हे निळंजांभळं इवलं फूल ज्या झाडाचं, त्याच्या मुळाशी बारीक फुगे असतात त्यात सूक्ष्म जीव ओढले जातात. भिंग न्या, दोघांत एक. वाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, ते फुगे बघायला झाड उपटायचं तर अजिबात नाही, चित्र काढून न्या. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ पासून कास आहे, आणि ते तसंच राहायचं तर ६० मुलांच्या १२० पायांचा विचार आपणच करायला हवा. शनिवार-रविवार टाळा, हंगामात रोजच्या माणसांवर मर्यादा असते म्हणून बुकिंग आधी करा.

पण खरं सांगू का, एका दिवसाच्या सहलीनं मुलं खूश होतात, बघायला शिकत नाहीत. बघायला शिकतात ती एकाच जागी परत परत जाऊन. म्हणून कासच्या आधी, अगदी याच आठवड्यात, शाळेच्या कुंपणाशी किंवा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पाच-पाच मुलांना सुतळीचा एक मीटरचा चौकोन आखून द्या. आत जेवढं आहे तेवढं लिहायचं. नाव येत नसेल तर 'गोल पानाचं, केसाळ देठाचं' असं लिहिलं तरी चालेल. पंधरा दिवसांनी तोच चौकोन, परत पंधरा दिवसांनी तोच. पहिल्या वेळी 'गवत' म्हणून एका शब्दात उडवलेलं असतं त्यात तिसऱ्या वेळी चार-पाच प्रकार वेगळे दिसायला लागतात, मुंग्यांची वाट दिसते, कुरतडलेली पानं दिसतात आणि कुणी कुरतडली म्हणून शोध सुरू होतो. तेवढं झाल्यावर कासला न्या. आणि परत आल्यावरही चौकोन मोडू नका, मार्चपर्यंत चालू ठेवा, कारण हिरवं सगळं वाळल्यावर बिया कुठं गेल्या हा प्रश्न पोरं तेव्हाच विचारतात.