दुसऱ्या बाजूविषयी

पुणे,
आषाढ वद्य

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी जुन्या बाजारातून घेतलेल्या ग्रामोफोनच्या तीन तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून तू माझ्याकडे आलीस आणि भिजलेली पिशवी खाली ठेवायच्या आत विचारलेस, "काका, या दुर्मीळ आहेत का?" मी चहा टाकण्याचे निमित्त करून उत्तर टाळले. तू हिरमुसलीस हे माझ्या लक्षात आले, परंतु त्या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर दिले असते, तर पुढची वीस वर्षे तू चुकीच्या रस्त्याने गेली असतीस. मी स्वतः त्या रस्त्याने बारा-तेरा वर्षे घालवली आहेत, म्हणून सवडीने लिहितो आहे.

दुर्मीळ वस्तू आणि अनोळखी संगीत यांची गल्लत करू नकोस. बालगंधर्वांच्या तबकड्या एके काळी घरोघरी होत्या आणि आजही त्यांना चांगली किंमत येते, कारण त्या मागणारे पुष्कळ आहेत. त्याच गठ्ठ्यात खाली एखाद्या कीर्तनकाराची, एखाद्या मेळ्यात गाणाऱ्या मुलीची, किंवा नाव पुसट झालेल्या बाईंची तबकडी पडलेली असते. तिच्या शंभर प्रती उरल्या असतील किंवा एकच उरली असेल, परंतु ती कोणी मागत नाही, म्हणून दुकानदार ती वरच्या तबकडीवर फुकट देतो. तुला अनोळखी संगीत ऐकायचे आहे असे तू म्हणालीस. मग जी फुकट मिळाली, तिच्यापासून आरंभ कर.

अनोळखी म्हणजे कुठूनही काहीही उचलावे असे मात्र नाही. आपल्याला जे आवडते त्याचे मूळ शोधत मागे जावे, हा मला सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. तुला भीमसेन जोशी आवडतात. डिसेंबरात शाल आणि थर्मास घेऊन तू सवाई गंधर्व महोत्सवाला जातेस, परंतु ज्या गुरूंच्या स्मरणार्थ भीमसेनजींनी १९५३ साली तो सुरू केला, त्या रामभाऊ कुंदगोळकरांची एक तरी तबकडी तू ऐकली आहेस का? हाच प्रश्न मी मंडपात शेजाऱ्यांना अनेक वर्षे विचारत आलो आहे, आणि त्यामुळे माझ्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते. रामभाऊंकडून त्यांचे गुरू अब्दुल करीम खाँसाहेबांकडे जा, तेथून खाँसाहेबांची मुले सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे ये. एखादी स्वर लावण्याची लकब एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाताना कशी बदलते हे तुला ऐकू येऊ लागले, की पुढची तबकडी कोणती शोधायची हे मला विचारावे लागणार नाही.

या शोधात काही दारे बंद आहेत, तेही आधीच सांगून ठेवतो. ज्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली, त्या भास्करबुवा बखल्यांचा आवाज आपल्याला उपलब्ध नाही. ते १९२२ साली गेले, म्हणजे आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू होऊन वीस वर्षे झाली होती. बुवांचे गाणे त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्या तबकड्यांतून अंदाजाने ओळखावे लागते. माझ्या कपाटात बुवांच्या नावाची एक रिकामी जागा मी मुद्दाम ठेवली आहे, आणि पाहुणे विचारतात तेव्हा तिच्याविषयी बोलायला मला आवडते.

आता ऐकण्याविषयी. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांची असते. आपण तासाभराचा ख्याल ऐकायला सरावलेली माणसे, त्यामुळे ही तीन मिनिटे आपल्याला तुटपुंजी वाटतात. परंतु १९२५ नंतर मायक्रोफोन आला, त्यापूर्वीचे गायक भोंग्यात तोंड घालून गात असत, आणि तीन मिनिटांत बंदिश, आलापी व ताना कशा बसवायच्या याचा त्यांनी वेगळा विचार केलेला असे. त्या काळच्या ख्यालगायिका जोहराबाई आग्रेवालींची एखादी बाजू तीनदा ऐक. पहिल्यांदा खरखरच ऐकू येईल, दुसऱ्यांदा गाणे येईल, आणि तिसऱ्यांदा एकही जागा वाया घालवलेली नाही हे लक्षात येईल. गौहरजानने १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केले तेव्हा तिने गाण्याच्या अखेरीस आपले नाव इंग्रजीत उच्चारले होते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि कोणते गाणे कोणाचे हे तेथल्या कामगारांना कळावे म्हणून ही सोय होती असे सांगतात. शेवटची ती चार-पाच सेकंदे कधी गाळू नकोस. त्या बाईंना आपण तेवढ्यापुरतेच प्रत्यक्ष भेटतो.

आपल्या पेठांतल्या संग्राहकांचा एक मोठा दोष असा, की त्यांना शास्त्रीय गायन आणि नाट्यगीते यांच्या पलीकडे संगीत असते हे फारसे ठाऊक नसते. मीही त्यांतलाच. वामनदादा कर्डकांची गाणी आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर लाउडस्पीकरवर लागत असे, आणि मी चाळिशी उलटेपर्यंत ते नीट बसून ऐकले नाहीत. भीमगीते, गोंधळ, भारुडे, शाहिरी, जत्रेतले तमाशे यांचा मोठा ठेवा कॅसेटींवर आहे, आणि साठ वर्षांपूर्वी तबकड्यांचे जे झाले ते आज कॅसेटींचे होते आहे: लोक त्या पोत्यांनी टाकून देत आहेत. लहान गावांतल्या लहान कंपन्यांनी काढलेल्या या कॅसेटींची सूची फारशी कोणी केलेली नाही. तुझ्या वयाच्या माणसाला करण्यासारखे खरे काम मला येथे दिसते. तबकड्यांच्या मागे आम्ही म्हातारे आहोतच.

आणि ज्याची कधी कॅसेटही निघाली नाही, त्याचे काय? पुण्यातून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज त्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संकेतस्थळावर वाचता येतात, आणि त्यांतल्या कित्येक गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकताही येतात. ओवीबरोबर बाईचे नाव आणि गावाचे नाव नोंदलेले आहे. त्या नोंदीकडे नीट पाहा, कारण मी पुढे जे सांगणार आहे ते मला तिथेच कळले.

एक वही घाल. प्रत्येक तबकडीचा शिक्का, म्हणजे मधोमध चिकटवलेला कंपनीचा कागद, क्रमांक, दोन्ही बाजूंची गाणी, आणि शिक्क्याभोवतीच्या गुळगुळीत भागात कोरलेला मूळ मुद्रणाचा आकडा लिहून ठेव. तेच गाणे कंपनीने पुढे नव्या क्रमांकाने पुन्हा काढले, तरी तो कोरलेला आकडा बहुधा कायम राहतो, आणि त्यावरून तुझ्याकडे दोन वेगळी गाणी आहेत की एकच दोनदा आहे ते कळते. त्याखाली, वस्तू कोणाच्या घरातून आली ते लिही. वाडा पाडायला निघाला की माळ्यावरचे सामान खाली येते, तेव्हा विकणाऱ्या मुलाशी घासाघीस करण्याआधी त्याच्या आजीशी बोल. ही तबकडी कोणी आणली, कोणत्या सणाला लागत असे, कोणाला आवडत नसे, हे तिला ठाऊक असते, आणि ते कोणत्याही शिक्क्यावर छापलेले नसते. मी अशा घरांतून शेकडो तबकड्या आणल्या आणि आज्यांशी बोललो फक्त तिघींशी.

देखभालीचे थोडक्यात सांगतो. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत. पावसाळ्यात कागदी पाकिटांना बुरशी येते, म्हणून महिन्यातून एकदा कपाट उघडून पाहावे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या खाचेला एलपीच्या, म्हणजे नंतरच्या लांब वेळ चालणाऱ्या तबकडीच्या, सुईपेक्षा सुमारे तिप्पट रुंद टोकाची सुई लागते, आणि चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावणाऱ्याला मी घरात घेत नाही. वेग हीही एक फसवी गोष्ट आहे. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, आणि वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की हार्मोनियमवरच्या काळी एकचा गायक शेजारच्या पांढरी दोनमध्ये गातो. एका गायकाची पट्टी अमुकच होती म्हणून मी एका स्नेह्याशी दोन वर्षे अबोला धरला होता. आमची यंत्रे निराळ्या वेगाने फिरत होती.

स्वच्छतेची गोष्ट मात्र थोडक्यात सांगता येत नाही. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पॉलिश करतो हे मी लहानपणापासून पाहिले होते, आणि तरीही तिशीत, घाईने, एक मळकी तबकडी मी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. काळा रंग कापसावर आला तेव्हा मला आनंद झाला, मळ निघतो आहे असे वाटले म्हणून. तबकडीची ती बाजू गेली. त्यावर कोण गात होते हे मी वाचले नव्हते, कारण आधी पुसून मग वाचू असा माझा विचार होता. साध्या पाण्याचा ओलसर मऊ कपडा पुरे, तोही कागदी शिक्का वाचवून, आणि पुसण्याआधी वहीत नोंद.

यंत्रावर उतरवून घेतलेल्या गाण्याची एक प्रत जशीच्या तशी, खरखरीसह, जपून ठेव. आवाज साफ करायचा तो दुसऱ्या प्रतीवर. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे चालतो, परंतु शब्द आणि चाल यांचा हक्क कवी व संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असतो. म्हणून चारचौघांत काही वाटण्याआधी दोन्ही हिशेब पाहावेत. मूळ तबकडी उसनी देऊ नये, प्रत मात्र मागेल त्याला ऐकवावी. काही संग्राहक ऐकवतही नाहीत. माझ्याकडे आहे आणि तुझ्याकडे नाही, यातले सुख मीही चाखले आहे, आणि त्या काळात मी नवे फार थोडे ऐकले, कारण मलाही कोणी काही ऐकवेना.

तुझ्या तीन तबकड्यांपैकी पहिली दोन मी ओळखतो. त्या चांगल्या आहेत आणि पुष्कळांकडे आहेत. तिसरीचा शिक्का 'यंग इंडिया'चा आहे. मुंबईची ही कंपनी १९३५ ते १९५५ या काळात तबकड्या काढत होती, आणि तिच्याकडे नावाजलेल्यांपेक्षा नवखे गायकच अधिक होते. तुझ्या तबकडीवरील गाणाऱ्याचे नाव निम्मे फाटलेले आहे. एक बाजू आपण ऐकली, ती एका साध्या भजनाची होती. दुसरी लावणार एवढ्यात वीज गेली. येत्या रविवारी ती घेऊन ये. मधल्या काळात पुसू नकोस, आणि ज्याच्याकडून घेतलीस त्या माणसाला ती कोणाच्या घरातली होती तेवढे विचारून ठेव; बाजार बुधवारीही भरतो.

कळावे,
काका