'कार्पेट सीड्स' पेरून टँकमध्ये गालिचा का टिकत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात वाकडला माशांचा दोन फुटी टँक, सोसायटीत टँकरचं पाणी. तळाला झाडांचा हिरवा गालिचा व्हावा म्हणून ऑनलाइन मागवलेल्या 'कार्पेट सीड्स' ओल्या मातीत पेरल्या, आठवड्यात हिरवंगार झालं, पाणी भरल्यावर महिनाभरात कुजलं. आता लाइट वाढवू का, आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लागतोच का?

तुमचं काही चुकलं नाही, विकणाऱ्याने टोपी घातली. मॉन्टे कार्लो, क्यूबा, ड्वार्फ हेअरग्रास या खऱ्या कार्पेटच्या वनस्पती कुंडीत नाहीतर टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत जेलीवर वाढवलेल्या रोपांच्या) कपात मिळतात. बियांच्या पाकिटातून निघतं ते बहुधा हायग्रोफिलासारखं दलदलीतलं काहीतरी, कधी चक्क सब्जा. ओल्या मातीत जोमात उगवतं, पाण्याखाली आठवडे काढतं आणि मग चिखल होतो. सगळं उपटा, वरचा थर सायफनने ओढून घ्या. कुजकी मुळं आत राहिली तर अमोनिया सुटत राहील.

आता लाइट. हा विषय निघाला की मला राहवत नाही, कारण आमच्या दाजींशी याच मुद्द्यावर जुना वाद आहे. सिंहगड रोडला त्यांचाही दोन फुटीच टँक. त्यांचं तर्कशास्त्र असं: गालिचा तळाला, तळाला उजेड कमी, म्हणून उजेड वाढवा. एका एलईडीवर दुसरा चढवला, बारा तास चालू. मॉन्टे कार्लोची एक काडी चिमट्याने उचलून उजेडात धरली तर सगळा हिशेब दिसत होता: खालची पानं काचेसारखी पारदर्शक, मधली शेवाळाने करडी, आणि शेंड्याला टाचणीच्या डोक्याएवढं एक फिकट पान. प्रत्येक पेराला मूळ फुटायला हवं, तिथे नुसती पांढरी टोकं. ही उजेडाची नाही, कार्बनची उपासमार. हवेच्या तुलनेत पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुमारे दहा हजार पट हळू पसरतो, त्यात तळाशी प्रवाह मंद. झाडाला तो मिळत नसताना उजेड वाढवला की फायदा शेवाळाचा.

दाजींचा पुढचा निष्कर्ष: 'खत कमी पडतंय.' म्हणून गावाकडचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस टाकलं. त्यात युरिया असतो, टँकमध्ये त्याचा अमोनिया होतो. पाणी पालकाच्या सुपासारखं. शेवटी एक लाइट काढला, वेळ सहा तासांवर आणली, सीओटूचा सिलिंडर लावला आणि गालिचा पसरला. दाजी आजही म्हणतात, आधीच्या लाइटचा परिणाम उशिरा दिसला.

तुमच्या टँकला काय करायचं ते सांगतो. मॉन्टे कार्लोच घ्या; क्यूबा जास्त नाजूक, पहिल्या प्रयत्नात नको. तळाला एक ते तीन मिलिमीटर दाण्याची टँकसाठीची माती, म्हणजे अ‍ॅक्वासॉइल, पुढे चार-पाच सेंटिमीटर, मागे सात-आठ. पांढरे खडे वापरणार असाल तर आधी व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसले की ते संगमरवरी, पाणी आणखी जड, म्हणजे क्षारांचं, करतील.

गालिचा पुढच्या अर्ध्या भागात लावायचा, म्हणजे साठ गुणिले पंधरा सेंटिमीटर. तीन सेंटिमीटरवर एक जुडी धरली तर शंभरेक जुड्या, म्हणजे पाच-सहा कप. मुळांची जेली कोमट पाण्यात पूर्ण धुवा, ती राहिली की बुरशी. जुडी नखाएवढीच करा, बारीक चिमट्याने तिरकी खोचा, फक्त शेंडे वर दिसू देत. लोक अख्खा कप एका ठिकाणी ठेवतात. मधला भाग कुजतो आणि उरलेलं तरंगतं.

लगेच पाणी भरू नका. मातीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली पाणी ठेवून वर क्लिंग फिल्म लावा. लाइट दहा-बारा तास (इथे चालतो, कारण हवेतला कार्बन मिळतो आणि शेवाळाला पाणी नाही), दिवसातून एकदा झाकण उघडून फवारा. चार ते सहा आठवड्यांत मुळं घट्ट धरतात. मगच पाणी भरा, ताटलीवर धार सोडून, आणि सीओटू त्याच दिवसापासून. इथे लोक ढिलाई करतात. लाइट सहा तास, सीओटू त्याच्या दोन तास आधी चालू, लाइटबरोबर बंद. ड्रॉप चेकरमध्ये (रंगावरून पाण्यातला सीओटू दाखवणारी छोटी कुपी) चार डीकेएचचंच (कार्बोनेटचं प्रमाण ठरलेलं) द्रावण भरा, टँकचं पाणी नाही. निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका, पोपटी बरोबर. पहिला आठवडा एक दिवसाआड अर्धं पाणी बदला, कारण नवी सॉइल अमोनिया सोडते. मासे त्यानंतर.

खत हवंच असेल तर ठिबकवाल्यांच्या दुकानातलं तेरा-शून्य-पंचेचाळीस, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तुमच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पंचावन्न लिटर पाणी धरलं तर ०.९ ग्रॅमने नायट्रेट १० पीपीएमने (लिटरला १० मिलिग्रॅम) वाढतं. शून्य-बावन्न-चौतीस, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, फक्त ०.०८ ग्रॅम, फॉस्फेट १ पीपीएमसाठी. एवढं स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही. त्याचे आठ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं दहा मिलिलिटर घाला.

टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं, जड. खडकवासला धरणाचं नळाला येणारं पाणी मऊ असतं, तिथल्या लोकांचे सल्ले तुम्हाला जसेच्या तसे लागू नाहीत. घरच्या आरओचं निम्मं मिसळा.

गालिचा दोन-तीन सेंटिमीटर जाड झाला की निर्दयपणे कापा. नाही कापला तर खालचा थर अंधारात सडतो आणि वर बुडबुडे अडकून सगळी चटई एकदम उचलून येते.

सीओटू लागतोच का, याचं सरळ उत्तर: मॉन्टे कार्लोला लावाच. हेअरग्रास किंवा मार्सिलिया असेल तर त्याशिवायही जमतं, फक्त महिने लागतात आणि लाइट मंद हवा. आणि दाजींच्या बाजूने एक मान्य: आठ-दहा वॉटचा दिवा असेल तर झाड आडवं न पसरता वर धावतं, दोन फुटीला वीस-तीस वॉटचा प्लँट एलईडी हवाच. त्याहून जास्त नको.

एप्रिल-मेमध्ये नवा टँक लावू नका. पाणी तीस अंशांच्या वर गेलं की वायू कमी विरघळतात. आधीच लावला असेल तर पाण्यावर छोटा पंखा सोडा, पुण्याच्या कोरड्या हवेत दोन-तीन अंश उतरतात. घटलेलं पाणी आरओचंच भरा. सायट्रिक अ‍ॅसिड-सोड्याची सीओटू बनवणारी बाटली वापरणार असाल आणि तिला टायमरचा व्हॉल्व्ह नसेल, तर रात्री एअर पंप लावा, नाहीतर पहाटे मासे वर येऊन धापा टाकतात. आणि फ्लॉवरहॉर्न किंवा गोल्डफिश ठेवायचा बेत असेल तर गालिचा विसरा, एका रात्रीत उकरतात.