'समलिंगी' की 'समलैंगिक'? आणि शब्दच नव्हता तेव्हा काय होतं?

कोपरखैरण्याच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी विचारलंय. त्यांच्या भाच्याने घरात सांगितलं, "मी समलिंगी आहे." त्यावर आजोबा म्हणाले, "असला शब्द आमच्या लहानपणी कधी कानावर आला नाही. आपल्या भाषेत शब्द नाही, म्हणजे ही गोष्ट आपली नव्हेच." बाईंना दोन गोष्टी हव्या आहेत: शब्द किती जुना, आणि 'समलिंगी' बरोबर की 'समलैंगिक'?

सोपं आधी उरकतो. दोन्ही बरोबर. 'समदुःखी', 'सहधर्मी' तसा 'समलिंगी'. 'समलैंगिक'वर शुद्धिवादी अडतात, कारण 'समलिंग'ला 'इक' लावला तर 'समाज-सामाजिक'सारखा 'सामलिंगिक' व्हायला हवा. पण इथे 'लैंगिक' आधीच तयार होता, 'सम' मागाहून चिकटला, जसं 'अलैंगिक' किंवा 'बहुसांस्कृतिक'. मला मात्र माणसाबद्दल बोलताना 'समलिंगी' आवडतो. मराठीत 'लैंगिक' म्हटलं की थेट शय्यागृहच डोळ्यांपुढे येतं, आणि भाचा काही तेवढंच सांगत नव्हता.

आता आजोबा. शब्द नवा आहे, हे त्यांचं म्हणणं खरं. पण नवा तो सगळीकडेच. 'होमोसेक्शुअल' हा शब्द कर्टबेनी नावाच्या लेखकाने १८६९ साली जर्मनमध्ये घडवला, तोही अशा संबंधांना शिक्षा देणाऱ्या प्रशियाच्या कायद्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकात. अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन असा तो धेडगुजरी शब्द. त्यातला ग्रीक 'होमोस' आणि आपला 'सम' हे भाषाशास्त्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ, म्हणजे मराठी करताना निदान अर्ध्या शब्दाला त्याचं माहेर मिळालं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली १८५३ साली. तेव्हा हा शब्द साहेबाकडेही नव्हता. आणि शब्द नाही म्हणून गोष्ट नाही, असं कसं? इंग्रजीत आतेभाऊ-मामेभाऊ वेगळे शब्द नाहीत, म्हणून इंग्लंडात आत्या नसतात का?

जुन्या ग्रंथांत शब्द आहेत, पण ते वेगळ्याच गोष्टींना. 'क्लीब', 'षंढ', 'पंडक' हे शरीरातल्या किंवा पुरुषत्वातल्या उणिवेवर बोट ठेवणारे. शास्त्रकार बोलतात ते कृतीबद्दल. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाशी मैथुन 'जातिभ्रंशकर' म्हटलंय. त्याच श्लोकात, त्याच पंक्तीला, मद्य हुंगणंही आहे! पुढे त्याच अध्यायात द्विजाने पुरुषाशी संग केला, किंवा स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात वा दिवसा केला, तर अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान करावं, एवढंच प्रायश्चित्त. म्हणून लगेच 'आपली परंपरा किती उदार' असा पुळका नको. त्याच ग्रंथात कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीचं मुंडन करा किंवा दोन बोटं तोडून गाढवावरून धिंड काढा, असं आहे. तिथे काळजी प्रेमाची नाही, कौमार्याची आहे. कौटिल्य पुरुष-पुरुष संबंधाला पूर्वसाहसदंड सांगतो, म्हणजे तीन पायऱ्यांमधला सगळ्यात खालचा दंड.

माझ्या मते खरा ठेवा कामसूत्रात आहे, आणि तो 'तृतीया प्रकृती' (स्त्री-पुरुषांपलीकडची तिसरी प्रकृती) नव्हे. तो शब्द सगळे काढतात. (त्याच्यावर बेतल्यासारखा वाटतो तो 'तृतीयपंथी', पण पंथ दीक्षा घेऊन धरायचा असतो, प्रकृती घेऊनच माणूस जन्मतो. आणि समलिंगी म्हणजे तृतीयपंथी नव्हे, हे आजोबांना आधी सांगा.) मी म्हणतो तो औपरिष्टकाच्या, म्हणजे मुखमैथुनाच्या प्रकरणातला एक श्लोक: काही नागरक (शहरी रसिक पुरुष) एकमेकांचे 'हितैषी' आणि 'रूढविश्वास' असतात, ते 'परस्परपरिग्रह' करतात. शब्द बघा. हित चिंतणारे, विश्वास मुरलेले. आणि 'परिग्रह' म्हणजे स्वीकार. संस्कृतात पत्नीलाही परिग्रह म्हणतात. विषय शरीराचाच आहे, पण शब्द मैत्रीच्या घरातले आहेत.

वासना आणि देह वेगळे काढले ते जैनांनी. त्यांच्याकडे 'वेद' म्हणजे कामवासना, ती तीन प्रकारची: पुरुषवेद, स्त्रीवेद, नपुंसकवेद. देह पुरुषाचा असून आतला 'भाववेद' स्त्रीचा असू शकतो का, यावर त्यांच्यात चांगलेच वाद झडले. दहाव्या शतकातल्या गोम्मटसारात या तिन्हींना उपमा दिल्यात: गवताची आग, शेणीची आग आणि वीटभट्टीची आग. गवत भडकतं आणि विझतं, शेणी धुमसते, भट्टी आतल्या आत धगधगत राहते. ठाण्याहून भिवंडी-वाड्याकडे जाताना भट्ट्या दिसल्या की मला हटकून ही उपमा आठवते. अर्थात जैनांच्या लेखी तिन्ही आगी विझवायच्याच.

मग 'अनैसर्गिक' कुठून आला? आपल्या शास्त्रकारांचा शब्द होता 'अयोनि', म्हणजे प्रश्न जागेचा. निसर्गक्रमाविरुद्ध असण्याची भाषा आली ती १८६० च्या दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून. तिचं मूळ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात: चर्चच्या न्यायासनापुढचं पाप त्याने राजाचा गुन्हा करून टाकला. कपड्यांसकट आंघोळीपासून आपण जन्मठेपेपर्यंत आलो ते असे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द केलं, पण वर्तमानपत्रांतून शब्द काही हटत नाही. 'अनैसर्गिक अत्याचार' असं अजून छापतात. अहो, अत्याचार नैसर्गिक कधी असतो? नुसतं 'अत्याचार' लिहा.

जाता जाता: 'बायसेक्शुअल'साठी 'उभयलिंगी' मात्र जपून वापरा. व्याकरणात 'वेळ' उभयलिंगी आहे (तो वेळ, ती वेळ), जीवशास्त्रात गांडूळ. 'समलिंगी'ची तशी कटकट नाही. तो समलिंगी, ती समलिंगी, ते समलिंगी. रूप बदलत नाही. बाई, तुम्ही शाळेत शिकवलंच असेल, याला अविकारी विशेषण म्हणतात.